बोनसचा कॉम्प्युटर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका रविवारी आमच्या बोईसरच्या वस्तीत दोन तरुण आले. अंगात इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. दारोदार फिरून ते एकच प्रश्न विचारीत होते, "घरात पाचवी ते दहावीचं मूल आहे का?" ज्या घरी मूल होते त्या घरी ते बसले, पाणी प्याले आणि बॅगेतून एक टॅब काढून मुलाच्या हातात दिला. पडद्यावर रंगीत चित्रे, गाणी, गणिते. मूल खूष. मग आईबापांकडे वळून म्हणाले, "साहेबांची मुलं यावरच शिकतात. तुमच्या मुलांनी मागं का राहायचं?"

वाचकहो, हे वाक्य आपल्या माणसाच्या काळजाला बरोबर लागते. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणारी आपली माणसे. शिक्षणाच्या नावाने कोणी काही मागितले तर आपल्या तोंडून नाही निघत नाही. आणि नेमके हेच विकणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

चार घरे सोडून राहणाऱ्या एका वहिनींनी त्याच दिवशी कागदावर सही केली. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, मुलगी सातवीत. टॅबचे पैसे चोवीस हप्त्यांत द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी कागद घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही पडलो कारकून, त्यात समाजकार्याची खोड. रेशनकार्ड, प्रॉव्हिडंट फंड, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे कागद आमच्या ओट्यावर येतात. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे जरा वाचून बघा. सही तर केली, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

कागद वाचण्याआधी आम्ही मुलीलाच विचारले, "कसं वाटतं गं त्यावर शिकायला?"

"छान आहे काका. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात."

"आणि चुकलं की?"

"चुकलं की लाल होतं. मग दुसरं बटण दाबायचं. चारच बटणं असतात. चौथ्या वेळी बरोबर येतंच."

आम्हाला हसू आले आणि पाठोपाठ अंगावर काटाही आला. कारण अगदी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आमच्या घरातल्या एका जुन्या वहीत लिहिलेले आहे. आम्ही ट्रंक उघडली आणि ती वही काढली. शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. वरती आमच्या ताईचे वळणदार अक्षर : "कॅसेट परीक्षण वही, १९९२".

त्या वहीची हकीकत आज सांगायची आहे.

१९९२ साली आम्ही सातवीत होतो, ताई नववीत. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करीत. आई अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत एका इंजिनिअर साहेबांकडे स्वयंपाकाला जाई. तेव्हा आपला ठाणे जिल्हाच होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या साहेबांची काक्रापारला बदली झाली आणि त्यांनी घरातले नको असलेले सामान काढायला घेतले. कपाटावर एक खोके होते. आईने तीन वर्षे त्या खोक्यावरची धूळ पुसली होती, पण आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हते. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "हा मुलाचा कॉम्प्युटर. आता तो कॉलेजात गेला. तुमच्या मुलांना हवा असेल तर आठशे रुपयांत न्या."

दिवाळीचा बोनस नुकताच हातात पडला होता. घराचे पत्रे बदलायचे ठरले होते. बाबांनी एक रात्र विचार केला आणि पत्रे पुढच्या वर्षावर ढकलले. शेजारचे म्हणाले, "वेड लागलं का? आठशे रुपयांत काय काय येतं!" बाबा एवढेच म्हणाले, "पत्रे गळले तर बादली ठेवू. मुलांच्या डोक्याखाली बादली ठेवता येत नाही."

त्या यंत्राचे नाव स्पेक्ट्रम. इंग्लंडमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली ते बाजारात आणले. साध्या घरातल्या माणसाला परवडावे अशी त्याची बांधणी होती. वेगळा पडदा नाही, घरचाच टीव्ही जोडायचा. वेगळी डिस्क नाही, घरचाच टेपरेकॉर्डर जोडायचा. आपल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून परवाना घेऊन ते 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकले. आमच्या घरी आले ते हेच, काळ्या रंगाचे, जेवणाच्या ताटाएवढे. स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर सकाळी जे फुलांचे चित्र येते, ते बहुधा याहून जास्त जागा खाते.

यंत्र सुरू केले की आपोआप काही होत नसे. जे या कळीवर बोट ठेवले की पडद्यावर 'लोड' हा शब्द उमटे. मग अवतरण चिन्हे द्यायची, एन्टर दाबायचे आणि टेपरेकॉर्डर चालू करायचा. टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे पळू लागत. आमचा टीव्ही कृष्णधवल, म्हणून आम्हाला ते करडे दिसत. टेपमधून किरकिर, चिरचिर असा आवाज येई. तो आवाज म्हणजेच खेळ. मोठा खेळ आत उतरायला पाचेक मिनिटे लागत. आणि चौथ्या मिनिटाला वीज जाई. देशातले पहिले अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेले, आमच्यापासून काही किलोमीटरवर. पण आमच्या वस्तीत दिव्याखाली अंधार. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांनी सोबत कॅसेटींचा एक डबा दिला होता. काही खेळांच्या, काहींवर इंग्रजीत 'शैक्षणिक' असे छापलेले. वस्तीतली दहा-बारा मुले रोज जमत. टीव्ही एक, यंत्र एक. भांडणे होऊ लागली. कोणती कॅसेट लावायची? पाच मिनिटे वाट बघायची आणि खेळ रद्दी निघायचा, हे परवडत नव्हते. तेव्हा ताईने वही घातली. नियम असा केला की, प्रत्येक कॅसेट तिघांनी खेळून बघायची, तिघांनी वेगवेगळे मत सांगायचे, शंभरपैकी गुण द्यायचे आणि शेवटी ताईने शेरा लिहायचा. मुलगी म्हणून तिला खेळायची पाळी शेवटी येई. पण पेन तिच्या हातात होते.

पुढे खूप वर्षांनी आम्हाला कळले की, इंग्लंडात लडलो नावाच्या लहान गावातून १९८४ साली 'क्रॅश' नावाचे मासिक निघू लागले होते, ते याच स्पेक्ट्रमच्या खेळांसाठी. ते लोक गावातल्या शाळकरी मुलांना बोलावत, खेळ खेळायला देत आणि त्यांची मते छापत. एका खेळावर तिघांची मते आणि खाली टक्केवारी! आमच्या ताईने तर ते मासिक कधी पाहिलेही नव्हते. पण जो वापरणार त्यालाच विचारावे, ही अक्कल लडलोच्या मुलांना सुचू शकते तशी बोईसरच्या मुलीलाही सुचू शकते.

वहीतली काही परीक्षणे सांगतो.

'मॅनिक मायनर', म्हणजे खाणकामगाराचा खेळ. मॅथ्यू स्मिथ नावाच्या एका किशोरवयीन पोराने १९८३ साली एकट्याने रचलेला. विली नावाचा खाणकामगार, वीस भुयारे. प्रत्येक भुयारातल्या चमकणाऱ्या वस्तू गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत बाहेर पडायचे. उडी एक इंच चुकली की मेला. सगळे जीव संपले की वरून एक मोठा बूट येऊन त्याला चिरडतो. पोरांनी याला शंभरपैकी पंच्याण्णव दिले. एका रात्री दुसरी पाळी संपवून आलेले बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "हवा संपत आली तरी माल गोळा करतोय. आणि शेवटी वरून बूट. हा आमच्या प्लँटमध्ये होता काय रे?" ताईने शेऱ्यात ते वाक्य तसेच लिहून ठेवले आहे. खाली स्वतःचे मत : "नाव खेळाचे, पण शिस्त शिकवतो. चुकलो कुठे ते डोळ्यांनी दिसते. पुन्हा तिथेच जाऊन सुधारता येते."

'हँगमन', म्हणजे शब्द ओळखायचा खेळ. याच्यावर 'शैक्षणिक' छापलेले. प्रत्येक चुकलेल्या अक्षराला फाशीच्या चित्राची एक रेघ वाढते. परीक्षण असे : "मुले मुद्दाम चुकतात, कारण बरोबर आले तर काहीच गंमत नाही. चुकले तर चित्र पूर्ण होते. शब्द सगळे साहेबांच्या घरातले. आमच्या घरात ज्या वस्तू नाहीत त्यांची नावे आम्ही कशी ओळखणार? तीस गुण."

गणिताची एक कॅसेट होती. तिचे नाव वहीत नाही, फक्त शेरा आहे : "चार उत्तरांतून एक निवडायचे. चौथ्या वेळी बरोबर येतेच. गणित येत नसले तरी चालते. वीस गुण."

पाहिलेत? तीस वर्षे उलटली, पडदा रंगीत झाला, बोटाने सरकू लागला. युक्ती तीच राहिली.

यंत्रासोबत मिळणारी एक नमुना कॅसेट होती, 'होरायझन्स' नावाची. त्यात चेंडूने भिंत फोडायचा लहानसा खेळ होता. गंमत म्हणजे तो मध्येच थांबवून आतला मजकूर, म्हणजे खेळ ज्या ओळींनी बनला त्या ओळी, पडद्यावर वाचता येत. आम्ही एक आकडा बदलला आणि खेळच बदलला! त्याच कॅसेटवर कोल्हे आणि सशांचा एक कार्यक्रम होता. ससे वाढले की कोल्हे वाढतात, कोल्हे वाढले की ससे घटतात, ससे घटले की कोल्हे उपाशी मरतात. ना टाळ्या, ना गाणे. एका पोराने विचारले, "यात जिंकायचं कसं?" ताई म्हणाली, "यात जिंकायचं नाही, समजायचं आहे." वहीत गुण ऐंशी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

यंत्राला मराठी येत नव्हते. सगळी अक्षरे इंग्रजी. आम्ही मुले दोन ओळींचा कार्यक्रम लिहायला शिकलो होतो. पहिल्या ओळीत आपले नाव छाप म्हणून सांगायचे, दुसऱ्या ओळीत परत पहिल्या ओळीकडे जा म्हणून सांगायचे. मग सारा पडदा आपल्या नावाने भरून जाई आणि खाली यंत्र विचारी, "स्क्रोल?" पहिल्यांदा आम्हाला वाटले, बिघडले. ते फक्त विचारत होते की, अजून छापू का! पण नाव इंग्रजीत.

ताईला पुस्तिकेत एक पान सापडले. या यंत्रात एकवीस अक्षरे आपली स्वतःची बनवता येतात. आठ उभी घरे, आठ आडवी घरे, असा चौसष्ट घरांचा चौकोन. जे घर भरायचे तिथे एक, जे रिकामे ठेवायचे तिथे शून्य. अशा आठ ओळी यंत्राला सांगितल्या की एक अक्षर तयार. ताईने गणिताच्या आलेख कागदावर पेन्सिलीने घरे भरायला घेतली. 'आ'ला दोन चौकोन लागले. 'ई'च्या डोक्यावरचे वळण आठ घरांत बसेना. चार संध्याकाळी ती खोडत होती आणि भरत होती. पाचव्या संध्याकाळी पडद्यावर दोन ओबडधोबड अक्षरे उमटली : आई.

आई भाकरी थापत होती. तिसरीपर्यंत शिकलेली. तिने हात थांबवले, अक्षरावर अक्षर ठेवून वाचले आणि म्हणाली, "हे टीव्हीवाल्यांनी लिहिलं?" ताई म्हणाली, "नाही, मी लिहिलं." आईला ते पटायला थोडा वेळ लागला.

आता हे जपायचे कसे? यंत्र बंद केले की सगळे पुसले जाते. कॅसेटवर उतरवून ठेवावे लागते. कोरी कॅसेट घरात नव्हती. ताईने घाईत हाताला लागली ती कॅसेट घातली आणि उतरवले. रविवारी सकाळी बाबांनी टेप लावला. त्यांच्या आवडत्या भीमगीताच्या पहिल्या ओळीनंतर एकदम चिरचिर, किरकिर! बाबा असे संतापले की ताई घराबाहेर जाऊन उभी राहिली. त्या कॅसेटचे मोल घरात सर्वांना ठाऊक होते. शेवटी आईच म्हणाली, "आधी ते काय आहे ते बघा तरी." ताईने टेप यंत्राला जोडला. पट्टे पळाले, आवाज झाला आणि पडद्यावर आले : आई. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी चित्रालयाच्या बाजारातून दोन कोऱ्या कॅसेटी घेऊन आले. आणि घरातल्या गाण्यांच्या सगळ्या कॅसेटींच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांनी स्वतः मोडून टाकल्या, म्हणजे त्यांच्यावर पुन्हा काही उतरवता येऊ नये.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण वाचकांपासून काय लपवायचे?

यंत्र दोन वर्षांनी बंद पडले आणि दुरुस्त झाले नाही. १९९८ साली आम्ही बारावी झालो. त्या वेळी गावोगावी कॉम्प्युटरचे खासगी क्लास निघाले होते. फी बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. ताई बारावी होऊन दोन वर्षे औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जात होती. ती म्हणाली, "मलाही जायचंय." बाबांनी हिशेब केला. दोघांची फी निघत नव्हती. "आधी त्याचं होऊ दे, मग तुझं बघू." आम्ही गप्प बसलो. गप्प बसणे सोयीचे होते. त्या क्लासमध्ये आम्हाला सहा महिने खिडकी उघडणे, खिडकी बंद करणे आणि पत्राचा मायना टाइप करणे एवढे शिकवले. प्रमाणपत्र मिळाले, बीकॉम झाले, नोकरी लागली. ताईचे 'मग' आलेच नाही. २००० साली तिचे लग्न झाले. ज्या मुलीने यंत्राला मराठी अक्षर शिकवले ती गोळ्यांची पाकिटे भरीत राहिली. आणि ज्याला खेळात पंच्याण्णव गुण दिसले तो कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसला. हा अन्याय कोणा परक्याने केला नाही. आमच्याच घरात, प्रेमाच्या माणसांनी केला, आणि त्याचा लाभ आम्ही घेतला.

सरकारही तेव्हा काही करत नव्हते असे नाही. केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली. इंग्लंडचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला आणि सुरुवातीला सुमारे २५० शाळांत तो दिला. एवढ्या मोठ्या देशात २५० शाळा! आमच्या शाळेपर्यंत ती योजना पोचली नाही. ज्यांना मिळाले त्यांना शाळेत मिळाले. ज्यांना नाही मिळाले त्यांना साहेबांच्या कपाटावरच्या खोक्याची वाट बघावी लागली.

२००६ साली आम्ही नोकरी करीत होतो त्या कचेरीतले जुने संगणक भंगारात निघाले. साहेबांना विनंती करून आम्ही चार मागून घेतले आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत बसवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खेळांच्या आणि अभ्यासाच्या सीडी आणल्या. पहिला नियम ठरवला तो ताईच्या आठवणीने : संध्याकाळचा पहिला तास मुलींचा. पोरांनी कुरकुर केली. चालू दिली. दुसरा नियम : वही. ताईला फोन करून विचारले, "तुझी वही पुढे चालवू का?" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चालव. पण शेरा मुलीनेच लिहायचा."

त्या वहीतही मजेदार परीक्षणे आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ सालचा खेळ जॉर्डन मेकनर यांनी केला. राजपुत्राच्या धावण्या-उड्या खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून चित्रे काढली. हे आम्ही मुलांना सांगितले, तर एका मुलीने शेरा लिहिला : "राजपुत्र पडला की दुखल्यासारखे वाटते, कारण तो कोणाचा तरी भाऊ आहे."

टायपिंग शिकवणाऱ्या एका सीडीच्या वेष्टनावर एका काळ्या बाईंचे छायाचित्र होते. 'मॅव्हिस बीकन' हे त्यांचे नाव. १९८७ साली अमेरिकेत निघालेला हा कार्यक्रम. मुली त्यांना 'मॅडम' म्हणू लागल्या. वास्तविक मॅव्हिस बीकन नावाची कोणी बाई नव्हतीच. कंपनीने ते नाव कल्पिले आणि हैतीत जन्मलेल्या रेने लेस्पेरान्स या बाईंचे छायाचित्र छापले. हे समजल्यावर मुली थोड्या हिरमुसल्या. पण एकीने लिहिले : "बाई खोट्या असल्या तरी बोटे खरी शिकली." तीच मुलगी पुढे शासनाची टायपिंगची परीक्षा पास झाली.

सर्वांत जास्त गुण मिळाले ते मात्र अगदी साध्या दिसणाऱ्या 'लोगो'ला. हा १९६७ साली अमेरिकेत तयार झाला. रचणाऱ्यांपैकी एक होते सेमूर पॅपर्ट. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि तरुणपणी तिथल्या वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिलेले गणिती. त्यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, बहुतेक ठिकाणी यंत्र मुलाला चालवते. व्हायला हवे उलटे, मुलाने यंत्राला चालवले पाहिजे. लोगोमध्ये पडद्यावर एक कासव असते. त्याला सांगायचे : पन्नास पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. असे चार वेळा केले की चौकोन तयार.

१४ एप्रिल जवळ आला होता. मुलांनी ठरवले, कासवाकडून अशोकचक्र काढून घ्यायचे. आरे चोवीस. एकाने अंदाजाने सांगितले, दर वेळी चौदा अंश वळ. चोवीस आरे काढून झाले आणि चक्रात एक फट राहिली, जणू चाकाचा एक तुकडा कोणी खाल्ला. कोणी 'चूक' म्हणून ओरडले नाही, लाल दिवा लागला नाही. फट दिसत होती, तेवढे पुरे होते. मुले वहीच्या पाठीवर आकडेमोड करू लागली. चौदा चोवीस तीनशे छत्तीस. पूर्ण वर्तुळ तीनशे साठ. कमी पडले चोवीस, म्हणजे प्रत्येक आऱ्यामागे एक. पंधरा! दुसऱ्यांदा काढले आणि चक्र पुरे झाले. त्या दिवशी भागाकार, कोन आणि वर्तुळ हे तिन्ही धडे मुलांनी कोणी न शिकवता शिकले. शेरा असा : "चूक दिसते, पण अपमान होत नाही. शंभर गुण." असे शंभर गुण दोन्ही वह्यांत एकदाच दिलेले आहेत.

आता त्या टॅबकडे येऊ.

आम्ही जुनी वही सातवीतल्या त्या मुलीच्या हातात दिली. म्हटले, "ही आमच्या ताईने लिहिली तेव्हा ती तुझ्याहून थोडीच मोठी होती. आता तू तुझ्या टॅबचं परीक्षण कर. चार दिवस वापर आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिही." ते तीन प्रश्न आम्ही दोन्ही वह्यांमधूनच काढले होते :

पहिला, आपण चुकलो तर कुठे चुकलो हे त्यात दिसते का, की नुसते लाल होते?

दुसरा, त्यावर आपण नुसती बटणे दाबतो, की आपल्या हातून काही तयार होते?

तिसरा, त्यातली घरे, माणसे, भाषा आपल्या ओळखीची आहेत का, आणि नसतील तर आपली घालता येतात का?

मुलगी चार दिवसांनी वही घेऊन आली. दोन पाने भरून लिहिले होते. व्हिडिओ छान आहेत, शास्त्राचे समजले, त्याला चांगले गुण. पण गणितात चार बटणांचा खेळ. बनवण्यासारखे काही नाही. मराठी माध्यमाचे धडे थोडेच. शेवटी लिहिले होते : "शंभरपैकी चाळीस. चोवीस हप्त्यांएवढे नाही."

तोपर्यंत आम्ही कागद वाचला होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की, पंधरा दिवसांच्या आत वस्तू परत करता येते. अकरावा दिवस होता. फोन केले, उचलले नाहीत. लेखी पत्र दिले, पोच घेतली, तीन चकरा मारल्या. टॅब परत गेला, कर्ज रद्द झाले. पहिल्या हप्त्याचे पैसे यायला मात्र दोन महिने लागले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मुलीचं नुकसान तर नाही ना केलं आपण?" या प्रश्नाला आम्ही झटकन उत्तर देऊ शकलो नाही. कारण वस्तू परत करणे म्हणजे शिक्षण नव्हे. मुलीला काहीतरी द्यावे लागेलच. आता ती संध्याकाळी अभ्यासिकेत येते. पहिला तास मुलींचा असतो.

बंधू-भगिनींनो, नवे यंत्र वाईट असे आमचे म्हणणे नाही. आमच्या बाबांनी पत्रे न बदलता यंत्र आणले म्हणूनच आज आम्ही चार अक्षरे लिहितो आहोत. म्हणणे एवढेच की, खोक्यावर 'शैक्षणिक' छापले म्हणून ते शैक्षणिक होत नाही, आणि 'खेळ' छापले म्हणून वायाही जात नाही. सही करण्याआधी चार दिवस मागून घ्या. कागदाची मागची बाजू वाचा, नाहीतर कोणाकडून वाचून घ्या. आणि जे मूल वापरणार आहे त्याच्या हातात वही-पेन देऊन त्याचे मत लिहून घ्या. ते मूल मुलगी असेल, तर तिचे आधी घ्या.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही ताईला फोनवर वाचून दाखवला. फीची गोष्ट आली तेव्हा आमचा आवाज जरा अडखळला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे. फक्त 'ई' चुकलेलं होतं. वरचं वळण आठ घरांत बसलंच नव्हतं, मी एक घर सोडलं होतं. आईला कळलं नाही."

पुढच्या रविवारी ती येणार आहे. सातवीतल्या मुलीला म्हणते, आलेख कागद आणून ठेव.